टाकीचा सकाळचा नमस्कार

लुवेंडा टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला बोलायला शिकवा, असं सालोंगो मुत्याबांना कोणीही सांगितलं नव्हतं. हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं, कारण "तुम्हाला सांगितलं होतं कोणी?" हा प्रश्न पुढे टेकडीवरच्या बावीसच्या बावीस घरांनी त्यांना विचारला, आणि काहींनी दोनदोनदा. सालोंगो म्हणजे जुळ्यांचा बाप. जुळी होणं ही युगांडात मोठ्या मानाची गोष्ट. हा किताब जन्मभर नावापुढे लागतो, आणि ज्याच्या लागतो त्याची मान थोडी ताठच राहते. मुत्याबांची अंमळ जास्तच ताठ होती, कारण किताबाच्या जोडीला पाणीखात्यात एकतीस वर्षं मीटर वाचल्याचा अनुभव होता.

निवृत्तीनंतर टेकडीच्या पंपघराची किल्ली आपणहून त्यांच्याकडे आली, म्हणजे त्यांनी ती मागून घेतली. पगार नव्हता. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला पगार कुठे असतो? रोज सकाळी टेकडी उतरून विहिरीवरच्या पंपघरात जायचं, मोटरीच्या पॅनेलवरचे आकडे बघायचे, जनरेटरमध्ये डिझेल आहे का बघायचं आणि मग टेकडी चढून टाकीच्या पत्र्यावर दगडाने ठोकत पाणी कुठवर आलंय ते कानाने ऐकायचं. सहा वर्षं हे सुरळीत चाललं. सातव्या वर्षी कमरेने असहकार पुकारला.

वास्तविक पॅनेल, जनरेटर आणि टाकीचं पाणी मोजणारं, पण आकडा दाखवायला काच नसलेलं यंत्र, पंपघरातल्या या तिघांनाही मागच्या बाजूला नऊ टाचण्यांचं एकेक सिरीयल पोर्ट होतं. त्यातून ही यंत्रं आपली सुखदुःखं एकेक अक्षर करून, रांगेने, वर्षानुवर्षं सांगत होती आणि ऐकायला कोणी नव्हतं. मुत्याबांना हे फार लागलं. निवृत्त माणसाला अशा परिस्थितीची चांगली जाण असते. त्यांनी कंपालाहून मुठीएवढी एक डबी मागवली. यंत्रांच्या केबली तिच्यात खुपसायच्या, पोटात सिमकार्ड घालायचं, की तिन्ही यंत्रांचं बोलणं मेसेज होऊन घरबसल्या फोनवर हजर. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला घालायचा, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पहिल्या दिवशी डबी काहीच बोलली नाही. शेजारचे मास्तर ओपोलोट, ज्यांनी चाळीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि म्हणून ज्यांना विजेतलंही कळत होतं, ते पंपघराच्या दारात स्टूल टाकून बसले आणि म्हणाले, "मला विचाराल तर डबी उलटी ठेवा."

"तुम्हाला विचारलंय कोणी, मास्तर?"

"नाही विचारलंत, म्हणूनच ही अवस्था आहे."

चूक संध्याकाळी सापडली. मुत्याबांनी यंत्राची पाठवणारी तार डबीच्या पाठवणाऱ्या तारेला जोडली होती, आणि ऐकणारी ऐकणाऱ्या तारेला. दोघंही बोलत होते, ऐकत कोणीच नव्हतं. हे त्यांनी जेवताना बायकोला, म्हणजे जुळ्यांच्या आईला, नालोंगो फेलिस्टाला, मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं.

ती शिजवलेल्या हिरव्या केळ्यांचं मटोके वाढता वाढता म्हणाली, "एवढं कळायला तुम्हाला दिवस लागला? इतकी वर्षं या घरात दुसरं काय चाललंय?"

दुसऱ्या दिवशी तारा उलटसुलट केल्या आणि डबी बोलू लागली, पण जे बोलली ते त्रिकोण, प्रश्नचिन्हं आणि शेपट्या असलेली अक्षरं. मास्तरांनी चष्मा लावून ही लिपी बहुधा इथिओपियाकडची असावी असा निर्वाळा दिला. खरी गोष्ट एवढीच, की यंत्र ज्या वेगाने बोलत होतं, त्याच्या चौपट वेगाने डबी ऐकत होती. वेग जुळवला, आणि फोनवर पहिलं शहाणं वाक्य उमटलं: टाकी बासष्ट टक्के. मुत्याबांच्या डोळ्यांत पाणी आलं. जुळी झाली तेव्हाही आलं नव्हतं, असं नालोंगोने नंतर दहा जणांना सांगितलं.

हे सगळं त्यांनी स्वतःच्या सिमकार्डावर केलं होतं. टाकीसाठी वेगळं कार्ड हवं म्हणून ते बाजारातल्या दुकानात गेले. काउंटरमागच्या मुलीने फॉर्म पुढे ओढला.

"वापरणाऱ्याचं नाव?"

"पाण्याची टाकी."

"ओळखपत्र?"

"बाई, ती टाकी आहे. सिमेंटच्या चौथऱ्यावर असते."

"कुठेही असू दे. जन्मसाल?"

एकतीस वर्षं सरकारी फॉर्म भरलेला माणूस प्रश्न आला की उत्तर देतो, त्याला इलाज नाही. मुत्याबा म्हणाले, "दोन हजार नऊ."

मुलीने बोटांवर मोजलं. "मग अठरा पूर्ण नाहीत. पालकाची सही लागेल, आणि गावच्या चेअरमनचं पत्र. शिक्क्यासकट."

चेअरमन कागीमू शिक्का कोटाच्या आतल्या खिशात ठेवत, लग्नालासुद्धा. त्यांच्याकडे पत्राचा एकच मजकूर होता आणि नोकरी, पासपोर्ट, जामीन, शाळाप्रवेश सगळ्यांना तोच चाले, फक्त नाव बदलायचं. त्यांनी बदललं. 'सदर पाण्याची टाकी ही लुवेंडा टेकडीची कायमची रहिवासी असून माझ्या चांगल्या परिचयाची आहे. तिची वर्तणूक चांगली आहे व तिच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' खाली सही आणि ठसठशीत जांभळा शिक्का. दुकानातल्या मुलीने पत्र दोनदा वाचलं आणि कार्ड देऊन टाकलं.

आता प्रश्न उरला, टाकीने बोलायचं कसं? इथे मुत्याबांनी जे केलं ते त्या टेकडीवर वाढलेल्या कुठल्याही सभ्य माणसाने केलं असतं. तिकडे रस्त्यात कोणी भेटला तर आधी रात्र कशी गेली ते विचारतात, मग घरचे कसे आहेत, मग कामात आहात, शाबास म्हणायचं, समोरचाही हे सगळं परत विचारतो, त्यालाही उत्तर द्यायचं, आणि मग कामाचं बोलायचं. नमस्कार-चमत्कार न करता एकदम मुद्द्यावर येणारा माणूस एकतर वेडा किंवा पोलीस. मुत्याबांनी टाकीला वळण लावलं. काही सांगायचं असेल तेव्हा ती आधी सगळ्या घरांना मेसेज करी: रात्र कशी गेली? घरचे कसे आहेत? मग उत्तराची वाट बघे. उत्तर आलं की पुढचं.

तिसऱ्याच दिवशी टाकी भरली आणि पॅनेलमधला मोटर बंद करणारा खटका अडकला. टाकीने बावीस घरांना विचारलं, रात्र कशी गेली? दुपारचे तीन वाजले होते. भरदुपारी रात्रीची चौकशी कोण करतंय, म्हणून कोणी उत्तर दिलं नाही. टाकी थांबली. दहा मिनिटांनी तिने पुन्हा नम्रपणे विचारलं. पाणी तोवर झाकण उचलून बाहेर पडलं होतं आणि उतारावरून थेट चेअरमनच्या अंगणात चाललं होतं, जिथे ताडपत्रीवर त्यांची सहा पोती कॉफी वाळत होती. कॉफी वाहत वाहत मास्तरांच्या केळीत गेली. चेअरमन ओल्या धोतरासारखा झालेला पायघोळ कांझू दोन्ही हातांनी धरून टेकडी चढून आले, तेव्हा त्यांच्या खिशात फोन वाजत होता. टाकी तिसऱ्यांदा विचारत होती, घरचे कसे आहेत?

सभा भरली. चेअरमननी आपला मेहुणा वामाला यालाही बोलावलं होतं. हा कंपालात असे, स्वतःला इंजिनिअर म्हणवी आणि गुळगुळीत कागदावरची रंगीत पत्रकं वाटी. त्याच्या कंपनीची यंत्रणा आली की टाकी मुकाट्याने आकडे दाखवणार होती.

"ही टाकी उद्धट आहे!" चेअरमन गरजले.

"उद्धट?" मुत्याबा उभे राहिले. "साहेब, तिचा दोष असलाच तर ती फार सभ्य आहे हा आहे. आणि वर्तणूक चांगली आहे असा दाखला कोणी दिलाय? शिक्का कोणाचा आहे?"

दाखला त्यांच्या खिशात होताच. तो सभेत हातोहात फिरला. चेअरमननी तो वाचला, शिक्का बघितला आणि ते खोकले.

वामाला म्हणाला, "काका, यंत्राला नमस्काराची गरज काय? सरळ सांगायचं, पाणी वाहतंय."

सभेत कुजबूज झाली. सरळ सांगायचं? बायामाणसांना? म्हाताऱ्याकोताऱ्यांना? नमस्कार नको असं म्हणायला एकही हात वर होईना. शेवटी मास्तरांनी तोडगा काढला, की टाकीने नमस्कार करावा पण उत्तरासाठी अडून बसू नये, लगेच पुढचं सांगावं. मुत्याबा यावर राजी झाले. वर त्यांनी जाहीर केलं, की आता टाकी रोज सकाळी साडेसहाला सगळ्यांना नमस्कार करील आणि पाणी किती आहे ते सांगेल, मग काही घडो वा न घडो.

"काही घडलं नसताना मेसेज कशाला?" चेअरमन म्हणाले.

"तुम्ही शेजाऱ्याला फक्त घर पेटल्यावरच हाक मारता का?"

"सालोंगो, मी तुम्हाला दोन आठवडे देतो. तेवढ्यात तुमच्या या नमस्काराचा गावाला एक उपयोग दाखवा. नाहीतर पहिल्या तारखेपासून पंपघराची किल्ली वामालाकडे."

किल्लीचं नाव निघाल्यावर मुत्याबांना दाराशेजारचा खिळा आठवला. पितळेची ती किल्ली त्यांच्या दाराशी खिळ्याला असे. घरातून बाहेर पडताना ते तिला हात लावत, आणि तिच्यामुळेच अजून लोक त्यांना काही विचारायला येत. किल्ली गेली तर उरणार काय? कंबर. पण चेहऱ्यावर यातलं काही न दाखवता ते म्हणाले, "माझी टाकी कोरडी पडली तरी चालेल, पण ती तोंड वर करून बोलणार नाही."

ते दोन आठवडे पालथ्या घड्यावर पाणी होतं. रोज साडेसहाला टाकी म्हणे, रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, पाणी ऐंशी टक्के. चौथ्या दिवशी चेअरमननी टाकीचा नंबर फोनमध्ये बंद करून टाकला आणि तसं सगळ्यांना सांगितलं. मग एकेका घराने केला. मास्तरांनीही केला आणि वर सल्ला दिला, "मला विचाराल तर त्यात थोडं हवामान घाला."

एकच फोन रोज उत्तर देई. टेकडीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या जाजा नाकायिझाचा. जाजा म्हणजे आजी, पण लाडिक नव्हे. बाईने पन्नास वर्षं सुईणीचं काम केलं होतं, निम्मी टेकडी तिच्या हातातून जगात आली होती आणि त्यातल्या बऱ्याच जणांविषयी तिला पश्चात्ताप होत असे. ती टाकीला लिही: रात्र बरी गेली. डावा गुडघा दुखतो. तू कशी आहेस? ही उत्तरं मुत्याबांच्या फोनवर जमा होत. टाकीने काय उत्तर द्यावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी टाकीतर्फे 'आभारी आहे' एवढंच ठेवलं होतं. दहाव्या दिवशी जाजाने लिहिलं: एवढ्या तरुण वयात इतकी कमी बोलतेस, तब्येत बरी आहे ना?

बाराव्या दिवशी चेअरमनच्या मुलीचं क्वांजुला होतं. मुलाकडची मंडळी वाजतगाजत मुलीच्या घरी येऊन तिला मागणी घालणार, दोनशे माणसांचं जेवण, तीन मांडव. अख्खी टेकडी तयारीत होती; धुण्याभांड्यांत टाकी तळाला गेली होती आणि चढेल तेवढं पाणी लगेच उपसलं जात होतं. मुत्याबा पहाटेपासून स्वतःच्या कांझूला इस्त्री करत होते. आमंत्रण होतं, अपमान कितीही झाला असला तरी जायचं होतं, आणि जायचं तर परीटघडी मोडू न देता जायचं होतं. फोन आत चार्जिंगला पडला होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

सात वाजता दारावर काठी आपटली. दारात जाजा, धापा टाकत.

"मुत्याबा, तुझी टाकी आज माझ्याशी बोलली नाही."

"जाजा, सगळं ठीक असणार. काही बिघडलं असतं तर तिने सांगितलं असतं."

"मूर्खा," जाजा म्हणाली. "जे बाळ रडतं त्याची मला कधीच काळजी नव्हती. गप्प पडलेलं आधी उचलायचं, हे मी तुझ्या आईला तू झालास तेव्हा सांगितलंय. चल."

मुत्याबा इस्त्री टाकून तसेच निघाले. वाटेत त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की वीज, डिझेल, पाणी, मोटर, सगळ्याच्या बिघाडाची सूचना द्यायला त्यांनी डबीला शिकवलं होतं, पण डबीच मेली तर ते कोण कळवणार? मेलेला माणूस आपल्या मरणाची चिठ्ठी धाडत नाही. एवढी साधी गोष्ट त्यांच्या एकतीस वर्षांच्या अनुभवाला सुचली नव्हती. (हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि रोजचा नमस्कार त्यासाठीच होता, असं ते आता सांगतात. सांगू द्या.)

पंपघराचं दार उघडं होतं. आत जळक्या वार्निशचा वास आणि मोटरीचा कोरडा, खरखरीत आवाज. डबीचा प्लग काढून जमिनीवर टाकलेला, आणि त्या सॉकेटात एका झकपक फोनचा चार्जर. पाहुण्यांना पाणी कमी पडू नये म्हणून वामाला सकाळी साडेपाचला चेअरमनच्या ड्रॉवरमधली दुसरी किल्ली घेऊन आला होता. पॅनेलचा खटका 'आपोआप'वरून 'हाताने'वर करून, मोटर सोडून तो कोट घालायला निघून गेला होता. उन्हाळ्यात ती विहीर तासाभराच्या वर उपसा सहन करत नाही, हे पत्रकात नव्हतं. पाणी नळीच्या खाली गेलं होतं आणि मोटर नुसती हवा ओढत होती.

मुत्याबांनी खटका खाली ओढला. मोटरीवर हात ठेवला आणि चटकन उचलला. अजून पाव तास गेला असता तर मोटर गेली होती, आणि तिच्याबरोबर दोनशे माणसांचं पाणी आणि चेअरमनचं नाकही. त्यांनी ओलं पोतं मोटरीवर टाकलं, चार्जर उपटून फेकला, डबीचा प्लग लावला आणि अंगातल्या बनियननेच घाम पुसला. विहिरीत पाणी परत चढताना ऐकू येत होतं. जाजा डिझेलच्या पिंपावर बसली होती.

मुत्याबा तिच्याशेजारी भिंतीला टेकले. मग म्हणाले, "जाजा, गुडघा कसा आहे?"

"अकरा दिवस टाकीला सांगतेय," ती म्हणाली. "आज तू विचारलंस."

मुत्याबांनी तोंड फिरवून उगाचच एक नट घट्ट केला.

एवढ्यात उतारावरून धावत चेअरमन आले. अंगात पांढराशुभ्र कांझू, वर काळा कोट, त्यात शिक्का, मागे वामाला, आणि वामालाच्याही मागे काय झालं ते बघायला निम्मी टेकडी. घरातल्या नळांना नुसती हवा येत होती आणि मुलाकडच्या मंडळींनी बस सुटल्याचा फोन केला होता.

"मोटर जळाली का?" चेअरमन दारातूनच ओरडले. "सालोंगो, अहो, बोला! मोटर जळाली का?"

मुत्याबांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"चेअरमनसाहेब," ते म्हणाले, "रात्र कशी गेली?"

चेअरमननी एकदा मोटरीकडे पाहिलं. जाजा पिंपावरून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनाही तिनेच जगात आणलं होतं. मागची निम्मी टेकडी श्वास रोखून उभी होती आणि त्यातलं एकही माणूस असं म्हणायला तयार नव्हतं, की विचारलेल्या नमस्काराला उत्तर देऊ नये.

"बरी गेली," चेअरमन म्हणाले. "तुमची?"

"आमचीही बरी. घरचे कसे आहेत?"

"घरचे..." चेअरमननी वर मांडवाकडे पाहिलं. "घरचे बरे आहेत. तुमच्या घरचे?"

"देवाची कृपा. कामात आहात, शाबास हो."

"तुम्हीही कामात आहात," चेअरमन म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी मुत्याबांचं काजळलेलं बनियन, पोळलेला तळवा आणि जमिनीवर पडलेला मेहुण्याचा चार्जर, सगळं एकदा नीट पाहिलं. त्यांनी मागे हात केला, वामालाच्या कोटाच्या खिशातून ती दुसरी किल्ली काढून घेतली आणि मुत्याबांच्या हातावर ठेवली. "शाबास, सालोंगो."

मुत्याबांनी दोन्ही किल्ल्या एकाच कडीत अडकवल्या. मग बनियनला हात पुसले.

"मोटर वाचली," ते म्हणाले. "दहापर्यंत पाणी देतो. आणि साहेब, आधी फोनमध्ये टाकीचा नंबर चालू करा. पाणी सुटलं की ती तुम्हाला सांगेल, पण सरळ नाही सांगणार."